आलेखाची खिडकी का उघडत नाही?



वसंतातल्या या व्यासपीठावर धर्म, राजकारण, साहित्य असे भारदस्त विषय शोभतात. आजचा माझा विषय त्यांच्या पंक्तीला बसण्याजोगा नाही. संगणकाला आलेख काढण्याची आज्ञा दिली, त्याने ती निमूटपणे ऐकली, पण पडद्यावर आलेखाची खिडकी उघडलीच नाही, तर काय समजावे आणि काय करावे, एवढाच तो आहे. विषय लहान खरा. परंतु ज्याच्या वाट्याला हा अनुभव येतो त्याला तो लहान वाटत नाही. आज्ञा लिहिताना चूक झाली असती, तर यंत्राने चार ओळींत का होईना, दटावले असते. इथे दटावणी नाही आणि आलेखही नाही. नवशिका विद्यार्थी अशा वेळी यंत्राला दोष देत नाही, स्वतःला देतो. ‘हे आपल्याला जमण्यातले नाही’ अशी खूणगाठ तो मनाशी बांधतो आणि वही मिटून उठतो. केंद्रीय शिक्षण मंडळाच्या बारावीच्या ‘इन्फर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस’ या विषयात आलेख काढण्याचा भाग नेमलेला आहे. तेव्हा असा विद्यार्थी आपल्यापैकी कित्येकांच्या घरीच असेल. त्याने वही मिटू नये, हा आजच्या बोलण्याचा हेतू.

प्रथम हे पाहू की आलेखासाठी एवढा जीव टाकण्याचे कारण काय. आकडे हाताशी असले म्हणजे पुरे झाले, चित्र नसले म्हणून काय बिघडले, असे कुणी म्हणेल. या शंकेला फ्रान्सिस अॅन्स्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली फार सुंदर उत्तर दिले. त्याने आकड्यांचे चार संच तयार केले. प्रत्येक संचात ११ बिंदू. चारही संचांत आडव्या मापाची सरासरी ९, उभ्या मापाची सुमारे ७.५, दोहोंमधला सहसंबंध सर्वत्र सुमारे ०.८१६, आणि त्यांतून जाणारी सरळ रेषाही चारही ठिकाणी एकच. हिशेब करणारा माणूस शपथेवर सांगेल की हे चारही संच एकसारखे आहेत. पण आलेख काढताच निराळेच दृश्य दिसते. पहिल्यात बिंदू रेषेच्या आसपास विखुरलेले आहेत. दुसऱ्यात ते कमानीसारखे वळले आहेत. तिसऱ्यात सारे बिंदू एका ओळीत असून एकटाच बाहेर उभा आहे. आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेवर असून अकराव्याने साऱ्या हिशेबाला आपल्याकडे ओढून घेतले आहे. सरासरीने जे झाकले ते चित्राने उघड केले. म्हणून आलेख न दिसणे म्हणजे केवळ एक शोभेची वस्तू हुकणे नव्हे. डोळ्यांवर पट्टी बांधून हिशेब करणे होय.

आता ज्या आज्ञावलीविषयी बोलायचे तिची ओळख करून देतो. पायथॉन ही संगणकाची भाषा खीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवली. त्या भाषेत आलेख काढण्यासाठी आज जगभर जे साधन वापरतात त्याचे नाव मॅटप्लॉटलिब. ते जॉन हंटर यांनी रचले आणि २००३ साली प्रसिद्ध केले. हंटर हे मज्जाशास्त्राचे अभ्यासक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतून येणाऱ्या विद्युत्‌लहरी त्यांना तपासायच्या होत्या. झटका मेंदूच्या कोणत्या भागातून उठतो हे त्या लहरींच्या रेषा समोर दिसल्यावाचून कळत नाही. म्हणजे या साधनाचा जन्मच मुळी ‘मला दिसले पाहिजे’ या गरजेतून झाला. हंटर २०१२ साली वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४४ होते. त्यांचे साधन मात्र त्यांनी सर्वांना मोफत खुले करून ठेवले होते. शाळकरी मुलाच्या स्तंभालेखापासून थोर वेधशाळांच्या निबंधांपर्यंत आज ते सर्वत्र वापरले जाते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुढे ज्या आज्ञा येतील त्या मी उच्चाराप्रमाणे सांगणार आहे. यंत्रावर त्या रोमन अक्षरांत लिहावयाच्या असतात, हे ज्याला लिहायच्या आहेत त्याला ठाऊक असतेच.

आलेख पडद्यावर येतो तेव्हा आत काय काय घडते? आपल्याला वाटते, एकच यंत्र आणि एकच काम. वास्तविक तिथे तीन कारागीर असतात. पहिला आलेखाची रचना करतो: अक्ष कुठे, बिंदू कुठे, रेषा कोणत्या रंगाची. दुसरा ती रचना रंगवतो, म्हणजे तिचे ठिपक्याठिपक्यांचे चित्र तयार करतो. मॅटप्लॉटलिबमध्ये हे काम बहुधा ‘अॅग’ नावाच्या रंगाऱ्याकडे असते. तिसरा कारागीर पडद्यावर खिडकी उघडतो, तीत ते चित्र लावतो आणि नंतर त्या खिडकीपाशी बसून राहतो. कारण कुणी खिडकी लहानमोठी करील, कुणी बंद करील, त्या प्रत्येक हालचालीला उत्तर द्यावे लागते. हा तिसरा कारागीर मॅटप्लॉटलिबच्या घरचा नव्हे. तो बाहेरून बोलावलेला असतो. त्याची नावे निरनिराळी: कुठे ‘टीके’, कुठे ‘क्यूटी’, कुठे आणखी काही. रंगारी आणि खिडकीवाला यांची जी जोडी त्या वेळी कामावर असेल तिला ‘बॅकएंड’ म्हणतात. नाटकाच्या परिभाषेत सांगायचे तर नट रंगून तयार आहेत, नेपथ्य लागले आहे; पण पडदा ओढणारा माणूस नाट्यमंडळीचा नसून थिएटरचा आहे. तो आला नाही, त्याला सांगितलेच नाही, किंवा मुळात थिएटरच नाही, तर प्रेक्षकांना काही दिसत नाही; आणि त्यात नटांचा काडीमात्र दोष नसतो.

ही तीन कामांची वाटणी एकदा ध्यानात आली, म्हणजे निदानाची दिशा आपोआप ठरते. वैद्य जसा आधी नाडी पाहतो तसा पहिला प्रश्न असा विचारावा: चित्र तयार झाले आहे की नाही? हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. खिडकी उघडण्याऐवजी चित्र फायलीत साठवावे. त्यासाठी ‘सेव्हफिग’ नावाची आज्ञा आहे. तिला फायलीचे नाव द्यावे आणि ती फाइल उघडून पाहावी. फायलीत आलेख दिसला, तर पहिले दोन कारागीर निर्दोष ठरले. दोष तिसऱ्याकडे, म्हणजे दाखवण्यात आहे. फायलीतही काही नसेल, तर खिडकीच्या मागे धावण्यात अर्थ नाही, आकडे तपासावे. ही एक चाचणी अर्धे काम करून टाकते. पुष्कळ लोक ती न करता साधने काढून पुन्हा बसवण्याच्या उद्योगाला लागतात. त्यात संध्याकाळ जाते आणि कधीकधी जे धड चालत होते तेही मोडते.

समजा, फायलीत आलेख आहे आणि खिडकी येत नाही. अशा वेळी सर्वांत साधे कारण प्रथम पाहावे. पडदा उघडण्याची आज्ञा दिली आहे का? मॅटप्लॉटलिबमध्ये ‘प्लॉट’ म्हटल्याने आलेख रचला जातो, दाखवला जात नाही. दाखवण्यासाठी शेवटी ‘शो’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही तर आज्ञावली आलेख रचते, आपले काम संपले असे समजते आणि चित्रासकट विसर्जित होते. नवशिक्याला हे विचित्र वाटते. आलेख काढला तो बघण्यासाठीच ना, मग दाखवा म्हणून आणखी का सांगायचे? पण एखादा संशोधक रात्रीतून हजार आलेख काढून फायलींत साठवीत असेल, तर त्याच्या पडद्यावर सकाळी हजार खिडक्या उघडलेल्या असाव्या काय? त्याच्या सोयीसाठी काढणे आणि दाखवणे ही दोन कामे अलग ठेवली आहेत.

याच ‘शो’च्या पोटात एक बारीक खोच आहे. आज्ञेच्या शेवटी कंसांची जोडी लिहावी लागते. ती राहिली तर यंत्र चूक दाखवीत नाही. कारण कंसावाचून त्या शब्दाचा अर्थ ‘शो नावाची वस्तू’ एवढाच होतो. वस्तूचे नाव घेतले, पण काम सांगितले नाही. नोकराला नुसती हाक मारून आपण गप्प बसलो, तर तो तरी काय करणार? विद्यार्थ्याच्या वहीत हे दोन कंस शोधण्यास दहा सेकंद लागतात. न शोधल्यास दोन तास जातात.

याच्या जवळची आणखी एक तक्रार असते: पहिला आलेख आला, दुसरा येतच नाही. ‘शो’ म्हटले की सामान्यतः आज्ञावली तिथेच थांबते आणि प्रेक्षक खिडकी बंद करीपर्यंत पुढे सरकत नाही. पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसरीची वाट पाहणाऱ्याला ती कधीच दिसायची नाही. पहिली बंद करावी, दुसरी येते. दोन्ही एकदम हव्या असतील, तर दोन्ही आलेख आधी रचून ‘शो’ एकदाच, अगदी शेवटी म्हणावे.

उलट कधी असे होते की खिडकी विजेसारखी चमकते आणि नाहीशी होते. मंद डोळ्यांना तर ती आलीच नाही असे वाटते. याचे कारण संवादी पद्धत. ‘आय-ऑन’ नावाच्या आज्ञेने ही पद्धत सुरू होते. तीत आलेख रचताच दिसतो आणि ‘शो’ थांबून राहत नाही. एकेक ओळ लिहून तिचा परिणाम बघणाऱ्याला ती फार सोयीची. पण तीच आज्ञा फायलीत लिहून फाइल सबंध चालवली, तर शेवटची ओळ होताच कार्यक्रम संपतो आणि खिडकीपाशी बसलेला कारागीरही उठून जातो. उपाय दोन: संवादी पद्धत बंद करावी, किंवा ‘शो’ला ‘ब्लॉक बरोबर ट्रू’ असे सांगून मुद्दाम थांबवून ठेवावे. ‘काल एकेक ओळ लिहून चालत होते, आज फाइल चालवली तर चालत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे सापडते.

आता दुसरे मोठे कारण. आज्ञा बरोबर दिली, कंस दिले, तरी खिडकी नाही. मग विचारावे: तिसरा कारागीर हजर तरी आहे का? २०१८ साली निघालेल्या ३.० या आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिब स्वतःच या यंत्रावर कोण कोण खिडकीवाले आहेत ते क्रमाने पाहते. त्यांतला एकही सापडला नाही, तर ते हात टेकत नाही. एकट्या ‘अॅग’ रंगाऱ्यावर काम भागवते. चित्र होते, फायलीत साठवताही येते, पण खिडकी उघडणारा कुणी नसतो. अशा वेळी बहुधा एक इशारा उमटतो. त्यात ‘फिगर-कॅनव्हास-अॅग’ असा शब्द असतो आणि ‘हे दाखवता येणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते. इशारा म्हणजे चूक नव्हे, असे समजून लोक तो वाचीत नाहीत. मात्र त्या एका ओळीत साऱ्या रोगाचे निदान लिहिलेले असते. तेव्हा माझी विनंती अशी की यंत्राने काही छापले तर ते आधी वाचावे; इंग्रजी अवघड वाटले तर कोश घेऊन वाचावे.

सध्या कोण कामावर आहे हे विचारण्यासाठी ‘गेट-बॅकएंड’ ही आज्ञा आहे. उत्तरात ‘टीके-अॅग’ किंवा ‘क्यूटी-अॅग’ आले, तर खिडकीवाला हजर आहे. नुसते ‘अॅग’ आले, तर तो गैरहजर आहे. गैरहजेरीची कारणे तीन. एक, तो यंत्रावर बसवलेलाच नाही. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या जातींत पायथॉनबरोबर ‘टीके’ आपोआप येत नाही. ‘पायथॉन३-टीके’ नावाचे गाठोडे वेगळे बसवावे लागते. ते नको असल्यास ‘पायक्यूटी’ बसवूनही काम भागते. दोन, तो बसवला आहे, पण दुसऱ्या पायथॉनमध्ये. एकाच यंत्रावर तीनतीन पायथॉन नांदत असतात आणि साधन एकात बसवून आज्ञावली दुसऱ्यात चालवणे, हा प्रकार फार होतो. तीन, त्याला कुणी मुद्दाम रजा दिली आहे. ‘मॅटप्लॉटलिब डॉट यूज’ अशी ओळ लिहून तीत ‘अॅग’चे नाव घातलेले असते, ती ओळ कुणाच्या तरी आज्ञावलीतून उतरवून घेताना सोबत आलेली असते. लिहिणाऱ्याला ती हवी होती, कारण त्याचे यंत्र पडद्याविना चालत होते. आपण मात्र तिचा अर्थ न पाहता ती उचलली. अशीच रजा ‘एमपीएल-बॅकएंड’ नावाच्या यंत्राच्या नोंदीतून किंवा ‘मॅटप्लॉटलिब-आरसी’ नावाच्या फायलीतूनही दिलेली असू शकते. या तिन्ही जागा पाहिल्या म्हणजे रजेचा अर्ज सापडतो.

खिडकीवाल्यावाचून अडते ते काही मॅटप्लॉटलिबचेच नव्हे. लांबी, रुंदी आणि खोली दाखवणारे आलेख काढण्याचे ‘मायावी’ नावाचे एक साधन आहे. ते रचणारे प्रभू रामचंद्रन हे मुंबईच्या आय. आय. टी.तले प्राध्यापक. जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरले जाते. त्यालाही ‘क्यूटी’सारखा कारागीर लागतोच. नावाने मायावी असले तरी खिडकीवाचून त्याचीही माया दिसत नाही! त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात संगणकाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत ऐकायला मिळतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो. ज्यांचे इंग्रजीवाचून अडते त्यांना त्यांचा उपयोग व्हावा.

तिसरे कारण अधिक मौजेचे आहे. कारागीर आहे, आज्ञा आहे, पण थिएटरच नाही. आजकाल मोठे हिशेब आपल्या टेबलावरच्या यंत्रावर होत नाहीत. ते कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या सर्व्हरवर होतात आणि आपण तारेवरून आज्ञा देतो. त्या सर्व्हरला पडदा नसतो, कळफलक नसतो. बंद खोलीत तो रात्रंदिवस हिशेब करीत असतो. त्याला ‘खिडकी उघड’ म्हटले तर त्याने ती उघडायची कुठे? लिनक्सवर ‘डिस्प्ले’ नावाची एक नोंद असते. पडदा कुठे आहे याचा पत्ता तीत लिहिलेला असतो. दूरच्या यंत्रावर ती कोरी असते. पत्ताच कोरा असला, तर मघाशी सांगितलेला इशारासुद्धा पुष्कळदा येत नाही. पडदा नसलेल्या यंत्रावर खिडकीची अपेक्षा कुणी करणार नाही, असे गृहीत धरलेले असते. निःशब्द अपयशाचा हा अगदी निर्मळ नमुना होय.

यावरचा उपाय १९८४ साली अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत सुरू झालेल्या ‘एक्स’ या खिडक्यांच्या पद्धतीत आहे. हिशेब एका यंत्रावर आणि खिडकी दुसऱ्यावर, ही सोय तीत प्रथमपासूनच आहे. दूरच्या यंत्राशी ‘एसएसएच’ने जोडणी करताना मोठ्या लिपीतले ‘एक्स’ अक्षर जोडावे. आपल्या बाजूला या पद्धतीची खिडकी घेणारी आज्ञावली चालू असेल, तर सर्व्हरवरचा आलेख आपल्या पडद्यावर येतो. अर्थात, तारेवरून चित्र ओढत आणायचे म्हणजे ते सावकाश चालायचे. म्हणून व्यवहारी लोक एवढी खटपट न करता चित्र फायलीत साठवतात आणि फाइल आपल्याकडे उतरवून घेतात. खिडकी हे साधन आहे, साध्य नव्हे. बघायचे होते ते बघितले म्हणजे झाले.

चौथ्या कारणात खिडकी येत नाही हे खरे, पण आलेख मात्र आलेला असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ‘जुपिटर’ नावाची वही-पद्धत २०१४ पासून प्रसिद्ध आहे. तीत आलेख स्वतंत्र खिडकीत येत नाही; आज्ञेच्या खालीच, वहीत चिकटवल्यासारखा उमटतो. ‘स्पायडर’ नावाचे पायथॉन लिहिण्याचे साधन आहे. त्याच्या २०१९ अखेरच्या चौथ्या आवृत्तीपासून आलेख त्याच्याच एका कोपऱ्यात, ‘प्लॉट्स’ नावाच्या कप्प्यात जाऊन बसतात. जुन्या पुस्तकावरून शिकणारा विद्यार्थी खिडकीची वाट पाहत बसतो आणि आलेख शेजारच्या कप्प्यात त्याची वाट पाहत असतो. ज्याला खिडकीच हवी असेल त्याला सेटिंगमध्ये ‘इनलाइन’च्या जागी ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘क्यूटी’ निवडता येते. कधी खिडकी खरोखरच उघडलेली असते, पण इतर खिडक्यांच्या मागे दडलेली असते. ‘ऑल्ट’ आणि ‘टॅब’ या कळा एकत्र दाबल्या की सापडते. कधी ती दुसऱ्या पडद्यावर उघडलेली असते, आणि तो पडदा सकाळीच काढून ठेवलेला असतो! विंडोज यंत्रावर ती खिडकी निवडून ‘विंडोज’, ‘शिफ्ट’ आणि बाणाची कळ दाबली की ती एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी घेते.

शेवटचा प्रकार असा, की खिडकी येते पण रिकामी. इथे रिकामपण कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. खिडकी पांढरी पडली असेल आणि ‘प्रतिसाद देत नाही’ असे लिहून येत असेल, तर खिडकीपाशी बसणाऱ्या कारागिराला आज्ञावलीने दुसऱ्या कामाला जुंपले आहे असे समजावे. मोठ्या हिशेबाच्या फेऱ्या चालू असताना मधूनमधून ‘पॉज’ ही आज्ञा देऊन क्षणभर उसंत दिली, की चित्र उमटते. अक्ष आले आहेत, रेषा मात्र नाही, असे असेल तर आकड्यांकडे वळावे. रेषेला दोन बिंदू लागतात हे भूमितीचे पहिले सूत्र; एकच बिंदू देऊन रेषेचा आलेख मागितला तर यंत्र काहीच काढत नाही, कारण खुणेचा ठिपका काढ असे सांगितल्यावाचून ते ठिपका काढत नाही. याचाच मोठा भाऊ म्हणजे गाळलेल्या नोंदी. पावसाच्या नोंदवहीत एक दिवसाआड जागा कोरी असेल, तर प्रत्येक नोंदीला जोडायला शेजारीच उरत नाही. शंभर नोंदी असूनही रेषा शून्य. आणि फाइलच कोरी निघाली, तर ‘सेव्हफिग’ ही ‘शो’च्या नंतर लिहिली आहे का ते पाहावे. खिडकी बंद करताच जुना आलेख मोडीत निघतो आणि नंतरची आज्ञा नव्या, कोऱ्या कागदाचे चित्र साठवते. साठवणे आधी, दाखवणे मागाहून, हा क्रम पाळावा.

एवढी कारणे ऐकून आपण म्हणाल, यांतले लक्षात काय ठेवायचे? नावे विसरलात तरी चालेल, प्रश्नांचा क्रम ठेवा. चित्र तयार झाले का? दाखवायला सांगितले का? दाखवणारा आहे का? दाखवायला जागा आहे का? की दुसरीकडेच दाखवले आहे? आणि दिसले त्यात काही आहे का? हे प्रश्न विचारताना आपली दोनशे ओळींची आज्ञावली हाती धरू नये. दोन आकडे घेऊन त्यांची एक रेषा काढणारी, तीनचार ओळींची नवी आज्ञावली लिहावी. ती चालली तर यंत्र ठीक, दोष आपल्या लेखनात. ती चालली नाही तर लेखन निर्दोष, दोष यंत्राच्या मांडणीत. विहिरीला पाणी आहे की नाही हे पाहायला घरातले सगळे नळ उघडावे लागत नाहीत.

या सगळ्यांतून मला जी एक गोष्ट आपल्या पदरात घालावीशी वाटते ती अशी. आपण पाहिलेल्या कारणांपैकी खरा बिघाड म्हणावा असा जवळजवळ एकही नाही. ‘शो’ वेगळे ठेवले ते हजार आलेख काढणाऱ्यासाठी. खिडकीवाला नसतानाही काम चालू ठेवले ते पडदा नसलेल्या सर्व्हरसाठी. इशारा गिळला तो रात्रभर चालणाऱ्या हिशेबात कटकट नको म्हणून. आलेख वहीत चिकटवला तो वही वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. प्रत्येक मौनामागे कुणासाठी तरी केलेली एक सोय आहे. ती आपल्या नकळत आपल्याला लागू झाली, एवढेच. ही सोय करणाऱ्यांनी आपला विचार केला नाही असे फार तर म्हणता येईल. आपण नालायक आहोत असा तिचा अर्थ मात्र कोणत्याही तर्काने निघत नाही.

म्हणून घरी एखादा मुलगा किंवा मुलगी रिकाम्या पडद्यापुढे मान खाली घालून बसलेली दिसली, तर ‘नीट लक्ष दे’ असे म्हणू नका. तिने लक्ष दिलेलेच असते. आपल्याला संगणकातले काही कळत नसले तरी तिच्या शेजारी बसून एवढेच विचारा: ‘चित्र फायलीत साठवून पाहिलेस का गं?’ एवढ्या प्रश्नाने ती चाचपडण्याऐवजी शोधू लागेल. आणि शोधणाऱ्याला, उशिरा का होईना, कारण सापडते.